मांडीवरचं मासिक : इंदुरात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मराठी अंक काढतानाच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

आज रामबागेत आमच्या घरी तिघी बसलो आणि ठरवलं, दिवाळीच्या आत छोट्यांसाठी एक मराठी अंक काढायचा. तिघी म्हणजे मी (११ वर्षं बालवाडीत शिकवलं), माझी भाची (कॉम्प्युटरवर पानं लावते) आणि एक चित्रकार मैत्रीण. तिघींनी मिळून २५,००० रुपये बाजूला काढलेत. त्यापलीकडे पैसे नाहीत.

गेल्या आठवड्यात खजुरी बाजारात चार दुकानं फिरले. तीन वर्षांच्या मुलासाठी मराठीत काही दाखवा म्हटलं, तर अक्षरं गिरवायच्या दोन वह्या पुढे आल्या. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, भोपाळचं ‘चकमक’ १९८५ पासून. पण ही वाचता येणाऱ्या मुलांची, आणि ‘चकमक’ हिंदीत. आमच्याकडची मुलं आजीकडून मराठी ऐकतात, खाली खेळायला गेली की हिंदी, शाळेत इंग्रजी. शाळा सुरू झाली की मराठी मागे पडतं, हे मी ११ वर्षं बघितलंय. त्याआधीची दोन-तीन वर्षं फार मोलाची आहेत.

ग्वाल्हेरला, बडोद्याला कुणाला असं काही करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवतेय. चुका आणि खर्च दोन्ही लिहीन.

८ जून

पानांची यादी केली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी कोसबाडला आजूबाजूला मिळेल त्यातून शिकवण्याचं साहित्य उभं केलं. तोच धागा धरला : इंदूरच्या मुलाला रोज काय दिसतं? कचरागाडी, पोह्यांची कढई, राजवाड्याचे पारवे, आजीची पूजेची घंटी. समुद्र, इग्लू, पेंग्विन या अंकात नकोत.

दुसरी गोष्ट कायद्याची. ठरावीक काळाने निघणारं नियतकालिक म्हटलं की नोंदणी आली. १ मार्च २०२४ पासून नवा कायदा लागू झालाय आणि १८६७ चा जुना कायदा गेला. हा पहिला प्रयत्न आम्ही एकच स्वतंत्र पुस्तिका म्हणून छापतोय, अंक क्रमांक न घालता. पुढे चालू ठेवायचं ठरलं तर आधी नोंदणी, मग छपाई. तरी बोलताना आम्ही त्याला मासिकच म्हणतो.

२२ जून

पहिली मोठी चूक. अंक चौकोनी करायचा ठरवलं होतं, साडेआठ इंच बाय साडेआठ इंच. दिसायला गोड, मुलाच्या मांडीवर छान बसतो. मैत्रिणीने त्या मापात पाच चित्रं पूर्ण केली, चार डमीही (नमुन्याच्या प्रती) काढून घेतल्या (प्रत्येकी १८० रुपये, एकूण ७२०). आज छापखान्यात गेलो. तिथल्या काकांनी कागदाचा ताव टेबलावर पसरला आणि पट्टी ठेवून दाखवलं. ताव २० बाय ३० इंचाचा. त्यात आमची जोडपानं, म्हणजे १७ बाय साडेआठची, तीनच बसतात. म्हणजे तावातून १२ पानं, आणि पाव हिश्शाहून जास्त कागद कात्रणात.

तोच ताव साडेसात बाय दहाच्या मापाने घडी केला की पुढून-मागून बरोबर १६ पानं निघतात. कापल्यावर सव्वासात बाय साडेनऊ उरतं. हेच माप घेतलं. आतली १६ आणि मुखपृष्ठाची ४, एकूण २० पानं. आमची आधीची यादी १८ पानांची होती. मधे शिवायचा अंक चारच्या पटीत लागतो हे आम्हाला माहीत असायला हवं होतं.

पाचपैकी तीन चित्रं वर-खाली वाढवता आली, दोन पुन्हा काढावी लागणार. मैत्रीण काही बोलली नाही, पण तिचे तीन आठवडे गेले. पहिलं चित्र काढण्याआधी छापखान्यात जाऊन तावाचं माप विचारा.

६ जुलै, आषाढी एकादशी

नव्या मापाच्या सहा डमी (प्रत्येकी १५०, एकूण ९००). पंढरीनाथाच्या दर्शनाहून आल्यावर गच्चीवर पाच आज्या आणि सहा मुलं जमवली. साबुदाण्याची खिचडी झाली आणि मग प्रत्येक आजीला एकेक डमी दिली. मी काहीच सांगितलं नाही, कोपऱ्यात बसून लिहीत राहिले.

काय काय फसलं ते :

मूल मांडीत बसलं की पुस्तक वाचणाऱ्याच्या डोळ्यांपासून हातभर लांब जातं. आमचा मजकूर १४ पॉइंटचा. एका आजींनी चष्मा बदलला, दुसऱ्यांनी पुस्तक जवळ ओढलं तर नातू रडायला लागला, कारण चित्र त्याच्यापासून लांब गेलं. तीन वर्षांचं मूल पुस्तक खालच्या दोन कोपऱ्यांना धरतं, आणि आम्ही सगळा मजकूर खालीच ठेवला होता. आज्या मुलांची बोटं उचलून वाचत होत्या.

दुसरं जास्त महत्त्वाचं. आम्ही प्रत्येक मराठी ओळीखाली बारीक हिंदी ओळ दिली होती, अडलं तर उपयोग होईल म्हणून. एका मुलाची आई वाचायला बसली. माहेर उज्जैनचं, घरी हिंदी. तिने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फक्त हिंदी ओळी वाचल्या. मराठी ओळीवर तिची नजर गेलीच नाही. एका आजोबांनीही तेच केलं. सोय म्हणून दिलेल्या ओळीने मराठी झाकून टाकलं.

हिंदी काढून टाकायची. लिपी एकच आहे, त्या आईला वाचता येतं. ‘चाक’मधला च ती ‘चहा’सारखा म्हणते, ‘जाड’चा ज ‘जेवण’सारखा. सासूबाई शेजारून दुरुस्त करतील, त्या करतातच. उच्चार ऐकता यावेत म्हणून अंकात क्यूआर कोड द्यावा असं भाचीचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं. मांडीवर फोन आला की पुस्तक खाली जातं. त्याऐवजी गोष्टींचं दोन मिनिटांचं वाचन आधीच व्हॉट्सॲपवर मोठ्यांना पाठवायचं. त्यांनी मुलं झोपल्यावर ऐकावं.

राजवाड्याचं पान पण फसलं. मजले मोजा म्हटलं होतं. सात मजले. चारनंतर सगळी मुलं ‘आठ, दहा, वीस’ करत सुटली. आता खिडक्यांतले तीन पारवे शोधायचे.

१३ जुलै

मजकूर कापला. अक्षर २२ पॉइंट, मजकूर पानाच्या वरच्या भागात. २१० शब्दांची कचरागाडीची गोष्ट ९० शब्दांवर आली. आधीची सुरुवात : ‘सकाळी सूर्य उगवला की आमच्या गल्लीत कचरागाडी येते आणि सगळी माणसं आपापले डबे घेऊन लगबगीने दारात येतात.’ आता : ‘गाडी आली, गाडी आली! आजी, डबा कुठाय?’ ही नवी ओळ मुलं एकदा ऐकल्यावर स्वतः म्हणतात. आजी वाचते आणि मूल म्हणतं, असं पान हवं.

याच गोष्टीत एक चूक आम्हा तिघींपैकी एकीच्याही लक्षात आली नव्हती. मैत्रिणीने गाडी काढली होती मागून उघडी, ट्रकसारखी, आणि सगळे त्यात डबे उलटे करतायत. समोरच्या बिल्डिंगमधल्या साडेतीन वर्षांच्या मुलीने चित्रावर बोट ठेवलं आणि पान उलटू देईना. ‘ऐसा नहीं. गीला इधर, सूखा उधर.’ इंदुरात कचरा सहा प्रकारांत वेगळा करून देतात आणि गाडीला त्यासाठी वेगवेगळे कप्पे असतात. ही मुलगी ते रोज सकाळी आजीच्या कडेवरून बघते. चित्र पुन्हा काढलं. दुसऱ्या दिवशी मैत्रीण सकाळी साडेसातला दारात उभी राहून गाडीचे कप्पे कागदावर उतरवत होती.

२७ जुलै

कागद. गुळगुळीत आर्ट पेपरवर चित्रं देखणी दिसतात, पण मुलांचे मेणाचे खडू त्यावर घसरतात. रंग धरतच नाही, पुसला की हाताला लागतो. रंगवायचं पान असेल तर आतला कागद मॅपलिथोच (चकाकी नसलेला साधा कागद) हवा. ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, चौरस मीटरला ग्रॅम) घेऊन बघितला तर मागच्या पानावरची मांजर पुढच्या पानावरच्या आजोबांच्या पोटात दिसत होती. १२० जीएसएम ठरला. मुखपृष्ठ २५० जीएसएमचं कार्ड, वरून मॅट लॅमिनेशन, कारण ते तोंडात जाणारच.

आणखी एक चूक निस्तरली. पान ११ वर कापून चिकटवायचा मुखवटा ठेवला होता. भाचीच्या मुलाने तो आवडीने कापला आणि मागची पान १२ वरची गोष्ट अर्धी गेली. तो गोष्ट शोधत बसला. आता कापाकापी नाही. पान ११ वर बोटाने चालायची गल्ली आहे : दारापासून किराण्याच्या दुकानापर्यंत.

‘अक्षर गिरवा’चं एक पान तरी घालाच, असं चार पालकांनी सांगितलं. घातलेलं नाही. तीन वर्षांच्या मुठीत खडू अजून मुसळासारखा धरलेला असतो. आडव्या, उभ्या, गोल रेघा मारायला मोकळी दोन पानं ठेवलीत. पावसाच्या धारा आणि पोह्यावरची शेव.

१० ऑगस्ट

हा आठवडा वाया गेला. स्वस्त पडेल म्हणून आधी दुसऱ्या एका छापखान्यात विचारलं होतं. त्यांच्याकडे आमची फाइल उघडल्यावर वेलांट्या भलत्या अक्षरावर गेल्या, जोडाक्षरं सुटी झाली. त्यांचा माणूस म्हणाला, काळजी नको, आम्ही इथेच टाइप करून घेतो. चार दिवसांनी प्रूफ आलं. बाळचं ‘बाल’, फळचं ‘फल’, खेळचं ‘खेल’, काळी मांजर ‘काली’. ४१ ठिकाणी. मी लाल पेनाने खुणा केल्या, परत आलं तेव्हा २३ ठिकाणी तसंच. ‘दीदी, ये वाला ल हमारे यहाँ चलता ही नहीं.’ दुसऱ्या, तिसऱ्यामधल्या अर्ध्या र चा तर सरळ रफार होऊन ‘दुसर्या’ झालं होतं. त्यांचा दोष कमी, आमचा जास्त : मराठीचा मजकूर मराठी न वाचणाऱ्याच्या हातात टाइप करायला द्यायचाच नव्हता.

मग काकांकडेच परत गेलो आणि भाचीने दोन दिवस बसून हे निस्तरलं :

पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू केला, म्हणजे वेलांट्या आणि जोडाक्षरं नीट बसतात. मजकुराची भाषा हिंदीवरून मराठी केली. त्याबरोबर ल आणि श आपोआप मराठी वळणाचे झाले. आम्ही घेतलेल्या फॉन्टात दोन्ही वळणं होती, भाषा सांगितल्याशिवाय तो हिंदीचीच देतो. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढला त्यातही हीच मराठी वळणं आहेत. मुलं अजून वाचत नाहीत, मग वळणाचं काय एवढं, असं एक जण म्हणाले. पण आजीच्या पोथीतला ल आणि या अंकातला ल एकसारखा दिसावा अशी माझी फार इच्छा होती.

शेवटी सगळा मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांच्या चित्राकृतींमध्ये, बदलून पीडीएफ दिली. आता छापखान्यात एक काना बदलणंही शक्य नाही, म्हणून आधी कागदावर तीनदा वाचून घेतलं.

३१ ऑगस्ट

गणपतीचे दिवस, घरी पाहुणे, काम थोडं. पण पिनांचा प्रश्न आज सुटला. आरतीनंतर पाहुण्यांच्या अडीच वर्षांच्या मुलाने डमीची मधली पिन नखाने उचकटली आणि तोंडात घालणार एवढ्यात आजीने हात धरला. माझ्या हातापायातलं बळ गेलं. पिन या अंकाला चालणार नाही.

जुन्या वह्या मधोमध दोऱ्याने शिवलेल्या असायच्या. खजुरी बाजाराच्या मागच्या गल्लीत वहीखाती बांधणारे एक काका आहेत. ते मशीनवर दोऱ्याने शिवून द्यायला तयार झाले. शिलाई, घडी, कटिंग आणि चारही कोपरे गोल, मिळून एका प्रतीला ७ रुपये.

७ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी, रात्रभर झांक्या (सजवलेले चित्ररथ). सगळं शहर रस्त्यावर, आज छापखाना बंद.

१४ सप्टेंबर

रंगाचं प्रूफ. पडद्यावर झगमगणारा पोपटी छापल्यावर शेवाळी झाला. छापखान्याच्या चार रंगांत तो रंग बसतच नाही. पडद्यावर न बघता काकांच्या रंगतक्त्यावर बोट ठेवून हिरवा निवडला.

काकांनी आणखी एक दाखवलं. भाचीने काळी अक्षरं चारही रंग मिसळून केली होती. छापताना एखादा रंग केसभर सरकला की अक्षराला लाल-निळी सावली येते. सगळा मजकूर फक्त काळ्या शाईचा केला. सुधारून पुन्हा तीन डमी काढल्या, ४५० रुपये.

१८ सप्टेंबर

मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवल्याचा फायदा चारच दिवसांत झाला. छपाईच्या प्लेटा (एका रंगाला एक) तयार झाल्यावर एका आजींनी डमी चाळता चाळता पान ९ वर बोट ठेवलं : ‘दुध’. दूधचा उकार दीर्घ. तिघींनी तीनदा वाचून सुटलेलं. मजकूर चारही रंगांत असता तर चारही प्लेटा पुन्हा, १,२०० रुपये. फक्त काळी प्लेट बदलली, ३०० रुपयांत भागलं.

२५ सप्टेंबर

छपाई झाली. रात्रीच्या आकाशाचं पान भरगच्च निळं. मॅपलिथोवर एवढी शाई वाळायला वेळ लागतो आणि हवेत अजून पावसाळा आहे. काकांनी तीन दिवस ताव न हलवता ठेवायला सांगितले होते. मी घाई केली, दुसऱ्याच दिवशी काही गठ्ठे घडीला पाठवले. समोरच्या पानावर, आजीच्या पांढऱ्या लुगड्यावर, निळा डाग उमटला. हे माझ्यामुळे झालं.

५ ऑक्टोबर

वहीखात्यांचे काका दिवाळीच्या कामात बुडालेले. लक्ष्मीपूजनाच्या वह्यांची मागणी याच दिवसांत असते, आणि हे मला ऑगस्टमध्येच सुचायला हवं होतं. दहा दिवस थांबावं लागलं.

आज पहिल्या ३० प्रती शिवून आल्या. उघडल्या आणि मधलं पान शिलाईवर फाटलं, टपाल तिकिटासारखं. टाके बारीक घातले होते, कापडाला घालतात तसे. जवळजवळच्या भोकांनी कागद कमजोर होतो. काकांनी मशीनचा टाका वाढवून ५ मिलिमीटरचा केला, सुरुवातीला आणि शेवटी उलटा टाका मारला. मी एक प्रत घेऊन दोन्ही बाजूंनी जोरात ओढली. टिकली. मग पुढच्या प्रती शिवायला सांगितल्या.

१२ ऑक्टोबर

५०० पैकी ४६२ प्रती चांगल्या. बाकीच्या फाटलेल्या नाहीतर डाग पडलेल्या. त्या बालवाडीत रंगकामाला दिल्या.

हिशेब : रंग आणि कागद चित्रांसाठी २,१००, डमी तिन्ही वेळच्या मिळून २,०७०, प्लेटा २० (प्रत्येकी ३००) ६,०००, एक प्लेट पुन्हा ३००, छपाईचा कागद आणि कार्ड ३,९००, छपाई ५,५००, लॅमिनेशन १,२००, शिलाई-घडी-कटिंग ३,५००. एकूण २४,५७०. चांगली प्रत सुमारे ५३ रुपयांना पडली. किंमत ६० ठेवली. आमच्या तिघींच्या कामाचे पैसे यात धरलेले नाहीत, आणि पुढच्या वेळी मैत्रिणीच्या चित्रांचे तरी धरायचेच. दोनशे-तीनशे प्रतींसाठी डिजिटल छपाई बघावी, असं सांगणारे भेटतील. आमच्या मापात तशी एक प्रत १२० रुपयांच्या खाली उतरत नव्हती.

९ नोव्हेंबर

दिवाळीत २८७ प्रती गेल्या, बहुतेक आज्यांनीच घेतल्या. काही मुंबई-पुण्याच्या नातवंडांना पाठवायला.

काल समोरच्या बिल्डिंगमधली ती साडेतीन वर्षांची मुलगी आजीबरोबर आली. तिची प्रत बघितली. कोपरे चावलेले, लॅमिनेशन टिकलंय, शिलाई शाबूत. कचरागाडीचं पान सगळ्यात मळलेलं. तिने मांडी घालून पुस्तक माझ्याकडे तोंड करून धरलं, मी वर्गात धरायचे तसं, आणि म्हणाली, ‘गाडी आली, गाडी आली! आजी, डबा कुठाय?’ ‘ळ’ असलेल्या ओळीला मात्र अजून ‘बाल’च म्हणते. आजी ‘बाळ’ म्हणाल्या, तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि जीभ मागे नेऊन बघितली.

पुढच्या अंकासाठी : बाळ, कमळ, टाळी, डोळा. चार चित्रं, चार पानं, एका पानावर एकच शब्द. वहीखात्यांच्या काकांना फेब्रुवारीची वेळ सांगून आले आहे.